अर्धं ब्लेड

माझ्या शिवणाच्या डब्यात एक अर्धं ब्लेड असतं. दाढीचं. मधोमध मोडलेलं, मागच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळलेलं. डबा सासऱ्यांचा, पितळी, दोन पुडांचा. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये पाळीला जाताना ते त्यातून भाकरी न्यायचे. आता वरच्या पुडात सुया, अंगुस्तान, खडू, हूक, खालच्या पुडात रिळं. नातवंडांनी डब्यातलं काहीही घ्यावं, नासवावं, हरवावं. ब्लेडला मात्र हात लावायचा नाही.

एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. खरं सांगायचं तर शिकवलं त्याहून जास्त उसवलं. तेव्हा नमुना वही असायची. डाव्या पानावर टाक्याचं नाव आणि कृती, उजव्या पानावर टाका घातलेला कापडाचा चौकोन. धावदोरा, हातशिलाई, उलटी टीप, साखळी, गहूटाका, काजाचा टाका. एक टाका लांब पडला की मी अख्खी ओळ उसवायची. मुलगी रडवेली होऊन म्हणायची, "मॅडम, एकच चुकलाय." मी म्हणायची, "एक चुकला की पुढचे त्याच्याच वळणावर जातात." आता त्यातल्या कुणी बाजारात भेटतात, त्यांच्या स्वतःच्या मुली लग्नाच्या झाल्यात, आणि हसत सांगतात, "मॅडम, तुम्ही माझी वही तीनदा उसवली होती." मीही हसते. घरी आल्यावर मात्र ती कोणती वही, कोणता टाका, हे आठवत बसते.

हा सगळा लेख त्या ब्लेडचा आहे, पण मधे घर येणार. त्याला इलाज नाही.

घरात आम्ही चौघं. मुलाचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं. सून पतसंस्थेत जाते. नातू दुसरीत. सकाळी साडेसातपर्यंत घराचं पानिपत होतं आणि मग नातू शाळेतून येईपर्यंत मी, रेडिओ आणि शेजारणींच्या साड्या. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना मी फॉल लावून देते. पैशाची गरज नाही, पेन्शन आहे. पण हात रिकामा राहिला की माझं डोकं चालायला लागतं, आणि ते कुणालाच परवडत नाही.

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुई ओवायचं काम नातवाकडे आहे. दहा सुयांना एक रुपया, असा करार. सकाळी दात घासायच्या आधी तो दहा सुया ओवून उशीच्या कडेला ओळीने टोचून ठेवतो. पुन्हा पुन्हा ओवावं लागू नये म्हणून दोरा इतका लांब घेतो, की शिवताना तो खांद्यामागून जाऊन पाठीला गुदगुल्या करतो. लांब दोऱ्याला गाठी पडतात, हे त्याला शंभरदा सांगून झालं. तो म्हणतो, "गाठी सोडवायचे वेगळे पैसे."

दिवाळीनंतर त्याच्याकडे दुसरं खातं येतं, वातींचं. शेतातला कापूस वेचून घरात येतो, भाव वाढेल म्हणून मुलगा तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवतो, आणि व्यापारी येईपर्यंत आम्ही सगळे खाजवत हिंडतो. खानदेशात हे घरोघरी चालतं. पाहुण्याला बसायला जागा नसते, पण कापसाच्या ढिगावर झोपलेलं मांजर असतंच. त्यातलीच चार बोंडं घेऊन मी आणि नातू उन्हात बसतो. सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, चिमटीला दुधाचा थेंब लावायचा आणि फुलवातीची शेंडी वळायची. त्याची शेंडी शेपटीसारखी वाकते. त्या वाती मी वेगळ्या डबीत ठेवायचे आणि आधी त्याच वापरायचे. हे त्याला माहीत नाही असं मी धरून चालले होते.

आता गोधडी.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर अमळनेरला दुसऱ्यांदा. आमच्याकडे धुळ्याचे दोन पाहुणे मुक्कामाला होते. रात्री गारठा असतो त्या दिवसांत, म्हणून सासूबाईंची गोधडी काढून दिली. सकाळी त्यातले एकजण चहा घेताना म्हणाले, "परिसंवादात डुलकी लागली नाही, इतकी रात्री झोप झाली. ही विकत कुठं मिळते?" सून हसली. मी गोधडी उन्हात टाकायला उचलली तर मधोमध हात आरपार गेला. कापड विरून जाळी झालेली. तेव्हाच ठरवलं, नवी भरायची.

नव्या गोधडीला जुनंच कापड लागतं, हे पुण्याच्या नातीला पटवायला वेळ लागला. ती मुलीची मुलगी, पाचवीत. दर सुट्टीत आखाजीच्या आधी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिला तेवढंच म्हणून भागत नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांच्या नावाने मातीची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या तळतात. मुलीला रजा मिळत नाही म्हणून तिच्या वाटचं माहेरपण नातच करून जाते. झोका तिचा, सांजोऱ्या तिच्या, रुसणंही तिचंच.

कपाटातून सासूबाईंची दोन लुगडी काढली. एक हिरवं, एक अंजिरी, दोन्ही सुती, धुऊन धुऊन पिठासारखी मऊ झालेली. सासऱ्यांचं एक धोतर. ते मिलच्या कापडाचं असावं, मला आपलं तसं धरायला आवडतं. प्रताप मिलचा भोंगा वाजायचा तेव्हा सासूबाई चुलीवर तवा टाकायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला घड्याळापेक्षा भोंग्याचीच सवय आधी लागली. मिल बंद पडली, भोंगा गेला, तरी कित्येक दिवस त्या तेवढ्या वाजता उठून चुलीकडे जायच्या.

"नऊवारी म्हणजे किती फूट?" नातीने विचारलं. वार म्हणजे तीन फूट. तिने बोटांवर केलं, सत्तावीस. चार भाग केले तर पावणेसात. म्हणजे एका लुगड्यात माणसाच्या उंचीचे चार थर निघतात, आणि दोन लुगड्यांत आठ. "आजी, हे गणित परीक्षेत का देत नाहीत?" मी म्हटलं, परीक्षा काढणाऱ्यांनी लुगडं फाडलेलं नसतं.

पुढच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलं. फरशी पुसून कोरडी केली. खाली अंजिरी थर, त्यावर धोतर, मग नातीचीच झबली आणि नातवाचे फाटके टी-शर्ट उसवून सपाट केलेले, सगळ्यात वर हिरवं. चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे असतात. आमच्याकडे मिक्सर आल्यापासून पाटा अंगणात पडून आहे, म्हणून एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर इस्त्री आणि चौथ्यावर नातू बसवला. तो पाच मिनिटं बसला. मग तिथे गव्हाची बरणी आली.

आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर जागेवर धरायचे, मग कडेने धावदोरा सुरू करायचा. काठाकाठाने एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत सरकून दुसरा. असं चौकोनात चौकोन करत मधोमध यायचं. पहिला फेरा एकवीस फुटांचा. एकूण तीसेक फेरे. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, आणि जसजशी आत सरकते तसतशी ती शिवलेल्या भागावरून मागे हटत नाही, न शिवलेल्या भागाकडे सरकत जाते. हे सांगायला सोपं आहे. पंचेचाळीस अंश तापमानात, दारं लावून, कूलरच्या गवताचा वास घेत, बासष्टीनंतरच्या गुडघ्यांनी करायला नाही. माझी तर सत्तरी उलटली आहे.

नातीला मी तिसरा फेरा दिला. पहिले दोन कडेचे, दिसणारे, म्हणून माझे. तिला सुई धरायला शिकवली, अंगुस्तान तिच्या बोटात सैल व्हायचं म्हणून आत कापूस घातला. दोन दुपारी ती मान खाली घालून बसली. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. नातू शेजारी सुया ओवून देत होता, आणि मी काही बोलायचं नाही असं ठरवून तोंडात बडीशेप धरून बसले होते. टाके काही तांदळाएवढे, काही पेराएवढे. ओळ मधेच चढायची, मधेच उतरायची, आमच्या बोरी नदीसारखी.

आणि मग ती रात्र. घर झोपलं होतं. मी पाणी प्यायला उठले. पुढच्या खोलीत दिवा लावला, गोधडी दिसली. तिसऱ्या फेऱ्यात दीड-दोन फुटांचा एक तुकडा असा होता, की तिथे माझी नजर पुन्हा पुन्हा अडखळायची. मी बसले. डबा उघडला. अर्ध्या तासात तो तुकडा उसवून, पुन्हा भरून, सुई होती तिथे टोचून ठेवली. समाधानाने झोप लागली, हेही लिहायला हवं.

सकाळी नात तोंडात ब्रश धरून गोधडीपाशी उकिडवी बसली. तळवा फिरवला. थांबली.

"ही माझी नाही."

"काय नाही?"

"ही ओळ. इथे मुंगी चालली होती, म्हणून मी तिच्या पलीकडे लांब टाका घातला होता. तो कुठे गेला?"

काय सांगणार? मी म्हटलं, दोरा तुटला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड धुवायला गेली. दिवसभर शिवायला बसली नाही. जेवताना सांजोरीही खाल्ली नाही. सांजोरी तिने नाकारली म्हणजे प्रकरण गंभीर.

माझ्या लग्नाला सहा महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. मी नुकतीच शिवणाची परीक्षा देऊन आलेली, हातात प्रमाणपत्र. सासूबाई गोधडी भरत होत्या. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. त्यांचा टाका त्यांच्या अंदाजाचा. मी एका दुपारी त्यांना न विचारता त्यांची ओळ उसवून सरळ घातली. त्यांनी पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उसवी उसवी कापड फाटी जाई, माय." मला वाटलं त्या कापडाबद्दल बोलतायत. कापड भक्कम होतं, मी तसं त्यांना सांगितलंही.

पाहुण्यांनी पांघरली ती हीच गोधडी. मधोमध जाळी झाली तिथे कुणाचे टाके होते ते आता सांगता येत नाही.

दुपारी मी आडवी झाले. जाग आली ती कर्र कर्र अशा बारीक आवाजाने. नात गोधडीवर बसून माझा दुसरा फेरा उसवत होती. हातात अर्धं ब्लेड.

मी ओरडले. ब्लेडसाठी ओरडले असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तिने ब्लेड मुकाट्याने डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "तुझी पण वाकडी आहे. बघ."

चष्मा लावला. पाहिलं. वाकडी होती. थोडीथोडकी नाही. इस्त्रीच्या कोपऱ्यापासून निघालेली ओळ पुढे दोन बोटं आत गेली होती आणि मग एकदम लक्षात आल्यासारखी बाहेर आली होती. मी ती घालताना सरळच पाहिली होती.

"आणि मामी तर तुझं नेहमीच उसवते," नात म्हणाली.

पोरीने हे रागाने म्हटलं नाही, जमाखर्च सांगितल्यासारखं म्हटलं. सून तेव्हाच पतसंस्थेतून येऊन दारात चपला काढत होती. एक चपल पायात, एक हातात. कूलर तेवढा बोलत होता.

"नेहमी नाही, आई," ती म्हणाली. "फॉलचं तेवढं."

कळलं ते असं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर एक शेजारीण साडी परत घेऊन आली होती. फॉलला चुण्या पडल्या होत्या, एके ठिकाणी टाका वरच्या बाजूला आलेला. मी देवळात गेले होते. सुनेने साडी ठेवून घेतली, रात्री फॉल उसवून पुन्हा लावला, आणि शेजारणीला सांगितलं, आईंना बोलू नका. तेव्हापासून मी लावलेला प्रत्येक फॉल ती रात्री दिव्याखाली धरून बघते. चांगला असेल तर तसाच घडी करते. नसेल तर बसते.

"किती दिवस?"

"दिवाळीला दोन वर्षं होतील."

मी काही बोलले नाही. आत गेले, कणीक मळायला घेतली, ती सैल झाली, पीठ घातलं, घट्ट झाली. रात्री जेवले नाही. पित्त झालंय म्हटलं. दोन वर्षांत गल्लीतल्या किती साड्या झाल्या असतील ते मोजत पडून राहिले, आणि रस्त्यात ज्या ज्या बाईने "मावशी, तुमच्या हाताला तोड नाही" म्हटलं होतं तिचा तिचा चेहरा पुन्हा तपासला. मला राग कशाचा आला होता? उसवल्याचा नाही. मला न सांगता उसवल्याचा. हे वाक्य मनात तयार झालं आणि मी कूस बदलली, कारण शेजारी नात झोपली होती.

पहाटे उठून एका तयार साडीचा फॉल बघितला. सुनेची हातशिलाई. बारीक, समान, वरून दिसत नाही. कोपरा मात्र नीट मुडपलेला नव्हता. दहापैकी आठ.

नंतर फार बोलणं झालं नाही. आमच्या घरात असल्या गोष्टींवर बोलत नाहीत, आमरस करतात. चौथ्या दिवशी सून रजा काढून गोधडीवर बसली. इतक्या वर्षांत तिला मी कधी बसायला सांगितलं नव्हतं. ती दमून येते, असं मी म्हणायची, आणि ते खरंही होतं. तिचं माहेर शिरपूरकडचं. बसल्यावर पाचच मिनिटांत ती नातीशी अहिराणीत बोलायला लागली. नातीला अर्धं कळत होतं, अर्धं ती हसून भागवत होती. एका बाजूने सून, एका बाजूने मी, मधे नात, आणि सुयांचा ठेकेदार हिशोबाची वही घेऊन. या दिवसांत त्याचे सत्तावीस रुपये झाले. ते त्याने बोरीच्या पात्रातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेत एका आकाशपाळण्यात आणि एका पिपाणीत घालवले. पिपाणी अजून वाजते आहे, दुर्दैवाने.

मी उसवलेला तुकडा नातीने पुन्हा उसवला आणि स्वतः भरला. मुंगी तर आता नव्हती. तिने अंदाजाने एक टाका लांब घातला.

शेवटचा मधला चौकोन वीतभर राहतो तेव्हा गोधडीचं पोट भरायचं, अशी आमच्या घरची रीत. सासूबाई म्हणायच्या, "गोधडीले बी भूक लागस." दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, भाकरीचा वाळलेला तुकडा आणि गुळाचा खडा थरांच्या मधे सरकवायचा आणि मग तोंड बंद करायचं. नातवाने हरकत घेतली. गुळाला मुंग्या लागतील.

"लागू देत," सून म्हणाली. "लांब टाका घालू."

आम्ही दोघी हसलो. नातीला आधी वाटलं आपल्याला हसतायत, मग तीही हसली. शेवटची गाठ कुणी मारायची यावर भांडण झालं आणि गाठ नातवाने मारली. ती सुटणार आहे. मी दोनदा पाहिली आणि तशीच ठेवली.

गोधडी पुण्याला गेली. एसी लावून ती अंगावर घेतात म्हणे, म्हणजे आधी थंडी विकत आणायची आणि मग ऊब शोधायची. मुलीने फोटो पाठवला होता. झूम करून तिसरा फेरा शोधत होते, सापडला नाही. नातवाने मात्र मधेच मोबाईल घेऊन सांगितलं, "आजी, तू माझ्या वाती पण आधी जाळतेस ना? मला माहीत आहे." आणि खेळायला निघून गेला.

फॉलचं काम मी सोडलेलं नाही. काल कोपऱ्यावरच्या बाईंची जांभळी साडी आली होती. दुपारी फॉल लावला, संध्याकाळी घडी करून टेबलावर ठेवली, शेजारी पितळी डबा ठेवला, झाकण काढून. सकाळी घडी वेगळी होती, माझ्यापेक्षा नीट. साडेनवाला बाई आल्या, फॉलवरून बोट फिरवलं, ऐंशी रुपये दिले. त्यातले चाळीस मी वेगळ्या पाकिटात टाकते. सुनेला अजून सांगितलेलं नाही.